पाटी उतरवल्यावर

नेआफू, वावाऊ
रविवार, दुपार

प्रिय फेलेती,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. बाबा ठणठणीत आहेत, तुझी लेक ठणठणीत आहे, आणि माझं म्हणशील तर उजवा गुडघा सोडून बाकी सगळी मी आहे तशीच आहे. तू दर रविवारी चर्चहून आलास की फोन करतोस, बाबांशी अर्धा तास बोलतोस आणि मग माझ्या वाट्याला तीन प्रश्न येतात. तब्येत कशी, वारा कसा, देवमासे किती आले. मीही तीन उत्तरं देते आणि फोन परत बाबांच्या हातात ठेवते. आज सकाळीही तेच झालं. मोठ्या झालेल्या बहीणभावांनी एका खोलीत बसायचं नाही, एकमेकांसमोर मोकळं बोलायचं नाही, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवलं नाही, ते अंगातच भिनलं. पण कागदाला खोली नसते. तू ऑकलंडला बसून वाचशील, मी इथे बसून लिहितेय, मध्ये अख्खा समुद्र आहे, तेव्हा रीत मोडली असं मला कुणी म्हणू शकणार नाही. आता रविवारी काम करायचं नसतं आणि पत्र लिहिणं हे काम आहे की नाही, ते मी पाद्रीबाबांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही. उद्या तुझी सियाले विमानात बसेल तेव्हा हे पाकीट तिच्या पिशवीत असेल. वाटेत फोडलंस तर तुझे कान उपटीन, असं तिला बजावलं आहे.

आधी बातमी. पाहुण्यांना देवमासे दाखवायचा हा माझा शेवटचा हंगाम होता. गुडघ्यात आता नुसती हाडं घासतात, लाट आली की पाय टेकवत नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी मला अगदी माझ्याच आवाजात दम दिला. मला असा आवाज ऐकून घ्यायची सवय नाही, पण यावेळी ऐकलं. पुढच्या वर्षीच्या परवान्याचा अर्ज टेबलावर पडला आहे, महिनाअखेर द्यायचा. बोट कोणती, इंजिन कोणतं, वाटाड्या कोण, सगळं भरून झालं. एकच ओळ कोरी आहे, मालकाची. बोट आणि परवाना दोन्ही त्या ओळीला बांधलेले आहेत. तिथे कुणाचं नाव लिहायचं हे मला गुरुवार दुपारपर्यंत पक्कं ठाऊक होतं. मी सियालेचं लिहिणार होते. तुला विचारणार नव्हते, फोनवर कळवणार होते. मुलांच्या बाबतीत बापाच्या बहिणीचा शब्द शेवटचा, आणि माझा शब्द तर हार्बरमधले दुसऱ्या बोटींचे कप्तानही मोडत नाहीत. मला पोर नाही, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, भाची हाताशी आली, प्रश्न मिटला. असं माझं सरळ गणित होतं.

तुझी लेक कशी आहे ते तुला मी सांगायला नको, पण सांगते. जुलैमध्ये माझ्या बोटीवर कामाला आली तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या ताटातलं रताळं उचलून तोंडात टाकलं. शेजारच्या बायका बसल्या होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. आत्याच्या ताटाला हात! मी म्हटलं, ऑकलंडात ताटं कमी असतील, जाऊ द्या. त्यावर तिनं दुसरं रताळं उचललं. पण पाण्यात उतरली की बघत राहावं. तिकडे तरणतलावात पोरांना पोहायला शिकवायची ना, त्यामुळे घाबरलेलं माणूस तिला लांबून ओळखू येतं. चार पाहुणे पाण्यात असले की चौघांचे आठ पाय तिला दिसत असतात. महिन्याभरात धक्क्यावरची आपली जुनी माणसं तिला नावानं हाक मारायला लागली. आपल्या अळूच्या पानांतलं नारळाच्या दुधातलं मटण मात्र अजून तिला पचत नाही, हा एवढा एक दोष तुमच्याकडून आला आहे.

गुरुवारी काय झालं ते सांगते. पहाटे वारा पडला. मंगळवार-बुधवार लाटांनी आम्हाला धक्क्यावरच डांबून ठेवलं होतं, त्यामुळे पाहुणे कंटाळून गेले होते. एक म्हातारं जोडपं, एक शाळेतल्या बाई, आणि एक उंच गडी, ज्याचा कॅमेरा आपल्या घरातल्या तांदळाच्या डब्याएवढा. आम्ही सामान चढवत होतो आणि बघते तर बाबा. कंबरेला चटई गुंडाळलेली, चर्चला जाताना गुंडाळतात ती, चांगली. काठी टेकत धक्क्यावर आले आणि उभे राहिले. तुला ठाऊक आहे, सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या बोटीवर पाऊल ठेवलं नव्हतं. मी किती वेळा म्हटलं असेल. दर वेळी एकच उत्तर, मला तिकडे काय बघायचंय, माझं सगळं बघून झालंय. आणि आता तर डोळ्यांना नीट दिसतही नाही. मी विचारलं, बाबा, कुठे निघालात? ते म्हणाले, “सियालेनं बोलावलंय. तू नेहमी चला म्हणतेस. तिनं येता का असं विचारलं.” मला तेव्हा त्यात काही फरक वाटला नाही. सियालेनं त्यांना हात धरून माझ्या मागच्या बाकावर बसवलं, अंगाला नारंगी जॅकेट बांधलं, आणि म्हणाली, “आजोबा, हे काढायचं नाही हं.” ते म्हणाले, “काढून बुडालो तर तुझ्या आत्याला घरातली माझी जागा मिळेल, म्हणून काढत नाही.” पाहुण्यांना शब्द कळला नाही, पण तेही हसले.

हुंगा बेटाच्या मागे पोचलो तर समुद्र तेल लावल्यासारखा. मी इंजिन बंद केलं आणि वाट बघत राहिले. पाहुणे चारही दिशांना डोळे फाडून बघत होते आणि बाबा डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, “डावीकडे. खडकाच्या अलीकडे. दोघं आहेत. मोठा श्वास आईचा. तो हलका, पाण्यात शिंकल्यासारखा, तो पिल्लाचा.” मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दोन मिनिटांनी तिथेच फवारा उडाला. फेलेती, मी या कामात अर्धं आयुष्य घालवलं आणि त्या क्षणी मला शिकाऊ असल्यासारखं वाटलं. पिल्लू अगदी नवं होतं, तीनेक आठवड्यांचं, अंगावरच्या घड्या अजून उलगडल्या नव्हत्या, हातांसारखे लांब पर पांढरेधोप. आई खाली जाऊन स्वस्थ पडली. पिल्लाला एवढा दम कुठला, ते दर तीन-चार मिनिटांनी वर येई, एक श्वास घेई, गिरकी घेई, शेपटी आपटून बघे, आणि परत आईच्या हनुवटीखाली जाऊन शिरे. हजारदा पाहिलं आहे. तरी दर वेळी माझा हात सुकाणूवरून सुटतो आणि छातीवर जातो. हे मी कुणाला सांगत नाही.

सियालेनं चौघांना पाण्यात उतरवलं. उतरण्याआधी सगळ्यांना ऐकवलं की पाय आपटायचे नाहीत, पिल्लाच्या आणि आईच्या मध्ये जायचं नाही, हात लावायचा नाही, मी मूठ वर केली की त्या क्षणी बोटीकडे. पहिली पंधरा मिनिटं इतकी छान गेली की म्हाताऱ्या बाई पाण्यातच रडायला लागल्या. चष्म्यात पाणी भरलं, सियालेनं तो काढून रिकामा करून दिला. मग पिल्लाला चेव आला. ते वर आलं आणि आईकडे न जाता माणसांकडेच वळलं. तो उंच गडी कॅमेरा पुढे धरून सपासप पाय मारत त्याच्याकडे निघाला. मला वरून स्पष्ट दिसत होतं, खालची काळी सावली हळूहळू मोठी होत होती. आई वर येत होती. तिनं काही केलं नाही. नुसती आली आणि पिल्लाच्या आणि त्या गड्याच्या मध्ये आडवी झाली, एक लांब पर पिल्लाच्या पोटाखाली घातला आणि त्याला आपल्या अंगावर उचलून घेतलं. सियालेची मूठ वर गेली.

आता इथे मी तुला खरं सांगते. मी तिला पाच बोटं दाखवली. अजून पाच मिनिटं दे, अशी. दोन दिवस फुकट गेलेले पाहुणे, बाकी तिघे शहाण्यासारखे वागत होते, आई शांत होती, आणि अशी पिल्लं रोज मिळत नाहीत. मी पूर्वीही अशी पाच मिनिटं दिली आहेत, दिली नाहीत म्हटलं तर खोटं होईल. तुझ्या लेकीनं माझ्याकडे पाहिलं, माझी पाच बोटं पाहिली, आणि मान हलवली. नाही. मला. आपल्या आत्याला, भर समुद्रात, परक्या माणसांसमोर. मूठ वरच. तिघे निमूट आले. तो गडी ऐकेना, तर तिनं त्याच्या पायातला रबरी पंख पकडला आणि त्याला उलटा ओढत शिडीपाशी आणला. वर चढल्याबरोबर तो भडकला. मी किती लांबून आलोय, आई काहीच करत नव्हती, तुम्हाला कळत नाही, वगैरे. सियाले केस पिळत म्हणाली, “आई तुमच्याकडे बघत होती, साहेब. तुम्ही कॅमेऱ्यात बघत होतात म्हणून तुम्हाला दिसलं नाही.” शाळेतल्या बाईंनी टाळी वाजवली. मी बोट लांबवर नेऊन इंजिन बंद केलं. दुर्बिणीतून पाहिलं तर पिल्लू आईच्या पोटाशी लागून दूध पीत होतं. आम्ही पाच मिनिटं आणखी थांबलो असतो तर ते प्यायलं नसतं. ती बिचारी इथे उपाशीच असते, महिनोन् महिने काही खात नाही आणि त्याला पाजत राहते, हे मीच पाहुण्यांना दर फेरीत सांगते.

मला राग यायला हवा होता. मी रागावायला तोंडही उघडलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून बाबा हसायला लागले. असे हसले की जॅकेट हलायला लागलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी गप्प बसलेली त्यांची लोसालिने, म्हणजे मी, त्यांना बरोबर ऐकू येते. म्हणाले, “तुला नाही म्हणणारं माणूस आपल्या घरात जन्मलं एकदाचं. मी मरायच्या आधी जन्मलं, देवाची कृपा.” मी म्हटलं, बाबा, पाहुणे आहेत. ते म्हणाले, “त्यांना कुठे आपलं बोलणं कळतंय? हिच्या बापाला हे जमलं नाही बघ.” मी विचारलं, फेलेतीला मला कशाला नाही म्हणायचं होतं? त्यावर त्यांनी सियालेला जवळ बोलावलं, तिचा ओला हात हातात घेतला आणि बोलायला लागले. माझ्याशी नव्हे, तिच्याशी. पण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

त्यांनी तिला ते सांगितलं जे आपल्या घरात कुणी मोठ्यानं बोललेलं नाही. “आम्ही आधी पिल्लाला भाला मारायचो, पोरी. आई सोडून जात नाही. भोवती फिरत राहते. मग तिला मारणं सोपं. सगळ्या गावाला पुरायचं.” सियालेनं हात काढून घेतला नाही. तिनं विचारलं, “तुम्हाला वाईट नाही वाटलं, आजोबा?” बाबा म्हणाले, “धक्क्यावर टोपल्या घेऊन गाव उभं असायचं. वाईट वाटायला सवड नव्हती. तुझ्या बापाला वाटलं.” आणि मग त्यांनी तुझी गोष्ट सांगितली. राजानं शिकार बंद केली त्याच्या आदल्या हंगामातली. तू बारा वर्षांचा, पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर होडीत. पिल्लाला भाला लागला, आई भोवती फिरायला लागली, आणि तू ओकलास आणि रडलास, इतका रडलास की त्यांनी तुझ्या डोक्यावर बादलीभर समुद्र ओतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, उद्यापासून बायकांबरोबर चटया विणायला बस.

मला ती संध्याकाळ आठवते. तू भिजून घरी आलास. आणि त्याच आठवड्यात तुझं अंथरूण मागच्या झोपडीत गेलं. तू बारा वर्षांचा झाला होतास, बहीण असलेल्या घरात आता झोपायचं नाही, सगळ्याच घरांत होतं तसं. म्हणजे बघ, तुझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट संध्याकाळ, आणि तिच्यानंतर आपण कधी एका छपराखाली नीट बसलो नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की तुला समुद्राची भीती बसली. पुढे कुणी विचारलं की मी ठासून सांगायचे, आमच्या फेलेतीला पाण्याचं वेड कधीच नव्हतं. बारा वर्षांच्या पोराला ओळखत होते, तेवढ्यावर मी तीस वर्षांच्या माणसाबद्दल बोलत राहिले. आणि मी एवढ्या ठामपणे बोलते की सगळे मानतात. मीही मानलं.

बाबा पुढे सियालेला म्हणाले, “तेव्हा मी त्याला भित्रा म्हटलं. पुढे ही बघायला येणारी माणसं सुरू झाली, परवाने निघाले, तेव्हा मी विचार केला की बोट कुणाला द्यायची. जो तेव्हा रडला तोच यांच्यापासून नीट अंतर ठेवून उभा राहील. मी तुझ्या बापाला झोपडीत जाऊन सांगितलं, बोट तुझी. तो नुसता माझ्या पाया पडला. मग तीन महिन्यांनी तुझ्या आत्यानं बोट मागितली.” माझा हात सुकाणूवर होता. मी वळले. विचारलं, बाबा, मग तेव्हा बोलला का नाहीत? त्यांनी माझ्या दिशेनं तोंड केलं. म्हणाले, “तू मागितलीस. बहिणीनं भावाकडे मागितलं. तो हो म्हणाला. मी मध्ये काय बोलणार?” खरंच, काय बोलणार. आपल्याकडे दुसरं कुणी काय बोललं असतं?

तो दिवस मी पुन्हा पुन्हा उगाळते आहे. बोट रीतीनं मुलाकडे जाणार एवढंच मला ठाऊक होतं, आणि मी स्वतः तुझ्यासमोर येऊनही मागितली नव्हती. आईच्या हाती निरोप धाडला की लोसालिनेला बोट हवी आहे. आई मागे गेली आणि परत आली. मी विचारलं, काय म्हणाला? आई म्हणाली, हो म्हणाला. म्हणाला, ताईला हवं तसं. मी खूश झाले. माझा भाऊ किती समजूतदार, असं गावभर सांगत सुटले. चार महिन्यांनी तू ऑकलंडला गेलास आणि विमानतळाच्या गोदामात खोकी उचलायला लागलास. त्यावरही मी म्हटलं, बरं झालं, त्याला जमिनीवरचंच काम हवं होतं. भाऊ बहिणीला नाही म्हणू शकत नाही हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण ज्याला नाही म्हणायची सोयच नाही त्याच्या हो मध्ये काय असतं, हे बघायचं असतं, ते मी बघितलं नाही. मला हवी होती, म्हणून नाही बघितलं.

हे सगळं माझ्या डोक्यात फिरत असतानाच तुझी लेक म्हणाली, “म्हणून ती पाटी आहे होय!” मी विचारलं, कुठली पाटी? ती म्हणाली, “आमच्या ऑकलंडच्या गॅरेजमधली. जुन्या फ्रीजच्या मागे, पोत्यात गुंडाळलेली. मिलोच्या लाकडाची, काठावर लाटा कोरलेल्या. मला वाटायचं तुझ्या पहिल्या बोटीवरची असेल. बाबा दर वर्षी जूनमध्ये ती बाहेर काढून तिला खोबरेल लावतात, आणि परत ठेवून देतात. आई म्हणते, विचारू नकोस.” मी विचारलं, तिच्यावर काय लिहिलंय? सियाले माझ्याकडे बघायला लागली, मी थट्टा करतेय असं तिला वाटलं असणार. म्हणाली, “आत्या, असं काय करतेस? तुझं नाव आहे. लोसालिने. तुझ्याच पहिल्या बोटीचं नाव तुला आठवत नाही?”

माझ्या बोटीचं नाव ते कधीच नव्हतं, फेलेती. पहिल्या दिवसापासून फेतुउ, तारा. ती लाकडी बोट मोडली, ही नवी आली, पण फेतुउची पाटी तीच, मी स्वतः रंगवलेली. आणि मला आठवलं. त्या तीन महिन्यांत मागच्या झोपडीतून ठकठक ऐकू यायची. मी आईला म्हटलं होतं, हा धक्क्यावरच्या पाहुण्यांना विकायला लाकडाची कासवं कोरत बसला आहे, दुसरं काय करणार. उरलेली वाट मी मागे वळून न बघता बोट हाकली. पाहुण्यांना वाटलं, कप्तानीणबाई त्या उंच गड्यावर चिडल्या. बिचारा उतरताना माफी मागून गेला. बाबांना उतरवताना मी त्यांचा हात धरला तर ते हळूच म्हणाले, “रागावलीस?” मी म्हटलं, तुमच्यावर नाही. आणि घरी येऊन, दार लावून, मी रडले. मी रडत नाही हे तुला माहीत आहे, निदान बारा वर्षांच्या तुला तरी माहीत होतं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बापानं तुला दिलेली बोट मी तुझ्याकडून घेतली, आणि तू मात्र तिला माझंच नाव देणार होतास.

पण मी रडत बसणारी बाई नाही, म्हणून आता कामाचं बोलते, आणि एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. ताईनं मागितलं की भावानं द्यायचं, हे आपलं जन्मापासून ठरलेलं आहे. तेव्हा आज मी काहीच मागत नाही. तुझी लेकही मागत नाही. मी विचारते. तुला बोट हवी आहे का? सव्वीस वर्षांपूर्वी एवढंच विचारायचं होतं. काल शनिवारी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धक्क्यावर गेले आणि फेतुउची पाटी उतरवली. शेजारच्या बोटीवरचा विचारत होता, रंग देणार का? मी म्हटलं, अजून ठरलं नाही, आणि माझ्या तोंडून हे शब्द ऐकून तो बघतच राहिला. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, आता चार भोकं आहेत आणि अर्जावर एक कोरी ओळ आहे. हवी असेल तर महिनाअखेरच्या आत ये, पोत्यातली पाटी घेऊन ये, बाबा तुला देवमाशांचा श्वास ओळखायला शिकवतील आणि मी धक्क्यावर खुर्ची टाकून तुझ्या चुका काढीन. नको असेल तर नको म्हण. वय झालं, संसार तिकडे आहे, किंवा इतक्या वर्षांनी माझ्या हातून ती घ्यायचीच नाही, कारण सांगायचीही गरज नाही. मोठ्या अक्षरात नाही लिही आणि सही कर. मी ते वाचून तुझी बहीणच राहीन. मग त्या ओळीवर कुणाचं नाव घालायचं ते सियालेला विचारीन, आणि तीही नाही म्हणाली तर तेही ऐकीन, तिनं मला सवय लावली आहे. फक्त एक लक्षात ठेव. ‘ताईला हवं तसं’ असं लिहून पाठवलंस, तर पाकीट आल्या पावली परत धाडीन.

तुझीच, उत्तराची वाट बघायला या वयात शिकणारी,
लोसालिने